अफवा कोणाची, कागद कोणाचा?

पोलीस चौकीबाहेरच्या फलकावर, रेल्वे स्थानकाच्या ध्वनिक्षेपकावर, मंत्र्यांच्या निवेदनात आणि महापालिकेच्या पत्रकात एक वाक्य आपल्याला वर्षानुवर्षे भेटत आले आहे: ‘नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ वाक्य निरुपद्रवी दिसते. सद्बोधाचे दिसते. मग नागरिकांनी विश्वास ठेवावा तरी कशावर, हे मात्र त्या वाक्यात कधीही सांगितलेले नसते. ते सांगायचे तर कागद दाखवावा लागतो, आकडे द्यावे लागतात, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. त्यापेक्षा विचारणाऱ्याच्या तोंडावर ‘अफवा’ हा शब्द फेकणे स्वस्त पडते. गिरणगावाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हा शब्द कोणी, केव्हा आणि कोणासाठी वापरला, हे एकदा नीट तपासले पाहिजे, कारण या शब्दाने आजवर जेवढे खोटे उघडे पाडले त्याहून अधिक खरे झाकले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात परळच्या पुलापासून करू. २९ सप्टेंबर २०१७. शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळी दहानंतर पावसाची जोरदार सर आली. पश्चिम रेल्वेचे एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) आणि मध्य रेल्वेचे परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर माणसे आडोशाला थांबली. खालून गाड्या येतच होत्या, प्रत्येक गाडी आणखी माणसे वर ढकलत होती. या कोंडीत २३ माणसे चेंगरून मेली. पुढे पश्चिम रेल्वेच्या चौकशीने मुसळधार पावसाला मुख्य कारण ठरवले. आणि त्या चौकशीपुढे एका जखमी तरुणीने जे सांगितले ते वृत्तपत्रांनी ठळकपणे छापले: एका फूलविक्रेत्याचे ओझे पडले, कोणी तरी ‘फूल गिर गया’ म्हणून ओरडले, लोकांनी ते ‘पूल गिर गया’ असे ऐकले आणि पळापळ झाली.

त्या मुलीच्या प्रामाणिकपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तिने ऐकले ते सांगितले. शंका आहे ती या एका अक्षराच्या गोष्टीवर ज्या तत्परतेने सगळ्यांनी समाधान मानले तिच्याविषयी. फ आणि प यांच्यातल्या फरकाने २३ माणसे मेली, ही गोष्ट सांगायला चटकदार आहे. तिच्यात कोणी दोषी नाही. पाऊस दोषी, ओझे दोषी आणि चुकीचे ऐकणारा कान दोषी. पण हा कान ‘पूल पडला’ हे शब्द ऐकताच क्षणात का विश्वास ठेवतो? त्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाच्या पायांना ते आधीपासून ठाऊक होते म्हणून. पुलाखालच्या गिरण्या बंद झाल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले, त्या मनोऱ्यांत हजारोंनी नोकरदार येऊ लागले आणि जिना तेवढाच राहिला. प्रवाशांनी तक्रारी केल्या होत्या. खासदारांनी पत्रे लिहिली होती. रुंद पुलाला मंजुरीही मिळालेली होती, फक्त पूल नव्हता. माणसे मेल्यावर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे घोषणेपासून सुमारे चार महिन्यांत, नवा पूल सुरू झाला. जे चार महिन्यांत होऊ शकत होते ते इतकी वर्षे का झाले नाही, हा प्रश्न खरे तर चौकशीचा विषय. फुलांच्या ओझ्याखाली तो दडपला गेला.

याची दुसरी बाजू दीडच वर्षात दिसली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा ‘हिमालय’ पूल खरोखरच कोसळला. सात जणांचा बळी गेला. या वेळी कोणी ओरडले नव्हते, कोणाच्या कानाने चूक केली नव्हती. उलट त्याआधी झालेल्या संरचना तपासणीत हा पूल वापरण्यास योग्य आहे, किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असे लेखी नोंदलेले होते. परळला ‘पूल पडला’ ही अफवा होती. बोरीबंदरला ‘पूल भक्कम आहे’ ही अफवा होती, फक्त तिच्यावर सही आणि शिक्का होता. या दुसऱ्या जातीच्या अफवेवर विश्वास ठेवू नका, असा फलक आपल्या कोणत्या स्थानकावर लागला आहे?

आपली भाषा या बाबतीत आपल्या राज्यकर्त्यांपेक्षा शहाणी आहे. ‘अफवा’ हा शब्द अरबीतून आला, तेथे त्याचा मूळ अर्थ नुसता ‘तोंडे’ एवढाच. अनेक तोंडे बोलतात ती अफवा, त्यात खरेखोटेपणाचा निवाडा नाही. मराठीने त्याच्या शेजारी केवढे बारकावे उभे केले! ‘बोलवा’ असते, तिच्यामागे बहुधा काही तरी असते. ‘वदंता’ जुनी असते, तिला कोणी घाईने मानत नाही की नाकारत नाही. ‘आवई’ आपोआप उठते. पण ‘कंडी’ ही पिकवावी लागते, तिला पिकवणारा असतो आणि पिकवण्यात त्याचा लाभ असतो. ‘हूल’ दिली जाते, ती शत्रूला फसवण्यासाठी. ‘कुजबूज’ ही उघड बोलण्याची चोरी असलेल्यांची भाषा. आता सरकारी पत्रकात या सगळ्यांना मिळून एकच शब्द: अफवा. मालकाने पिकवलेली कंडी आणि कामगाराच्या बायकोची नळावरची कुजबूज यांना एकाच पोत्यात भरले, की पोते बडवणे सोपे जाते.

ही पद्धत आजची नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला आणि मुंबईच्या इतिहासातील एक अत्यंत क्रूर पर्व सुरू झाले. संशयित रोग्यांना घरातून सक्तीने उचलून इस्पितळात नेण्याचे अधिकार पालिका आयुक्तांनी घेतले. त्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. त्या काळी शहरात बोलले जात होते, की इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषध काढतात. राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले (ते आपण केले असे चापेकरांनी पुढे सांगितले) त्याचा सूड म्हणून राणीने इतक्या माणसांची काळजे मागितली आहेत. गोऱ्या अधिकाऱ्यांनी याची नोंद ‘अडाणी लोकांच्या विलक्षण समजुती’ म्हणून केली, आणि आपल्यातल्या सुशिक्षितांनीही पुढे ती तशीच वाचली.

मोमियाई खोटी होती, यात वाद नाही. पण त्या समजुतीमागचा अनुभव तपासून पाहा. आर्थर रोडला नेलेला माणूस बहुतेक वेळा परत येत नव्हता. त्याचे घर उघडे टाकले जाई, सामान जाळले जाई. नेणाऱ्यांना त्याची भाषा येत नव्हती आणि त्याची जात, त्याची लाज, त्याच्या बायकोचा आकांत यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. ज्याला कोणी काही समजावून सांगत नाही तो आपल्या अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी हाताशी असलेली गोष्ट वापरतो. कामगाराच्या हाताशी मोमियाई होती. ‘ही माणसे आम्हाला माणूस मानत नाहीत’ हे तिच्यातले सत्य होते, ‘तेल काढतात’ हा त्याचा अलंकार. याच आयुक्तांनी तो ऑक्टोबर संपता संपता सक्तीची धार कमी केली, कारण झाडूवाले आणि भंगी कामगार शहर सोडून पळाले तर मुंबई चालणार नाही, ही भीती त्यांना वाटली. म्हणजे जे अर्ज-विनंत्यांनी घडले नाही ते या ‘विलक्षण समजुतीं’नी आणि पळून जाण्याच्या भीतीने घडवले. इतिहासाची ही गंमत नव्हे, हे इतिहासाचे हिशेब आहेत.

आता १९८२ कडे येऊ. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. कायद्याच्या दृष्टीने कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. प्रत्यक्षात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. मान्यतेचा कागद एकीकडे आणि माणसे दुसरीकडे. अशा लढ्यात अफवा हे हत्यार होणारच. इतक्या गिरण्यांचे भोंगे वाजले, इतके कामगार कामावर परतले, असे आकडे एका बाजूने जात, ते खोटे असल्याचे दुसऱ्या बाजूने सांगितले जाई. कोकणात आणि घाटावर गावी परतलेल्या कामगाराला यातले काय खरे हे कळायला मार्ग नव्हता. एसटीने आलेल्या माणसाला तो विचारी, ‘गिरणी चालू झाली का?’ त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्याची बायको, मुले, सावकार आणि मुंबईतली खोली टांगलेली होती. आपल्या बाजूचे लोकही या काळात सर्वस्वी निर्मळ राहिले असे मी म्हणणार नाही. ‘या आठवड्यात तडजोड होते आहे’ ही आशेची आवई आपणही पिकू दिली, आणि ती फसल्यावर कामगाराचा विश्वास जो उडाला तो केवळ सरकारवरचा नव्हता. तो संप औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. तो कधी संपला हेदेखील ऐकीवच राहिले.

संपानंतर चाळींतून एक कुजबूज सुरू झाली: मालकांना कापड नको, जमीन हवी आहे. गिरण्या आजारी नाहीत, आजारी पाडल्या जात आहेत. याची संभावना त्या वेळी शंकेखोरी म्हणून झाली. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला आणि गिरणीच्या जमिनीचा विकास कायदेशीर झाला. त्यात निदान तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा परवडणाऱ्या घरांसाठी, असे आश्वासन होते. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचीच होईल असे ठरले आणि शहराचा वाटा बघता बघता आकसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. चाळीतली कुजबूज नियम होऊन राजपत्रात आली, तेव्हा तिला अफवा म्हणणाऱ्यांपैकी कोणी चाळीत येऊन क्षमा मागितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

कायदापंडित म्हणतील, ऐकीव ती ऐकीवच. पुराव्याच्या कायद्यात तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकल्याचीच लागते, १८७२ पासून हाच दंडक आहे आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमानेही तो कायम ठेवला आहे. मान्य. पण त्याच कायद्याने एक अपवाद ठेवला आहे: मृत्युपूर्व जबानी. मरणाऱ्या माणसाने दुसऱ्याजवळ आपल्या मरणाचे जे कारण सांगितले ते ऐकीव असूनही पुरावा ठरते. कामगाराचे म्हणणे कायद्याने ऐकावे यासाठी त्याने आधी मरावे लागते, असा याचा अर्थ कोणी केला तर त्याला दोष देता येणार नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांची कहाणी नोंदवली, ती २००४ साली ग्रंथरूपाने आली आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ म्हणून मराठीतही. ती संपूर्ण ऐकीव सामग्री आहे. ती नसती तर गिरणगावाचा इतिहास म्हणून आपल्याजवळ ताळेबंद आणि पोलीस दप्तर एवढेच उरले असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा लेखक अफवेचा वकील झाला. तसे नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ज्यांनी दादर-परळमध्ये काढले त्यांना तसे होणे शक्यच नाही. किनाऱ्यावर बोटींतून शस्त्रे उतरणार आहेत, दुधात विष कालवले आहे, आज रात्री हल्ला होणार आहे, असे रोज नवे काही तरी येत होते. सुशिक्षित, सुखवस्तू, ग्रंथालयाचे सभासद असलेले लोक गच्चीवर दगड आणि सोड्याच्या बाटल्या जमवून रात्रभर पहारे देत होते. बोट आली नाही. दुधाने कोणी मेले नाही. मेली ती माणसे, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९००, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. या शहरातला श्रमिकच मेला आणि श्रमिकाच्याच हातून मेला, ही आपल्या चळवळीची सर्वांत मोठी शरम आहे.

पण त्या अफवांची जात पाहा. गिरणीच्या जमिनीविषयीची कुजबूज वर पाहत होती: मालकाकडे, मंत्रालयाकडे, ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याकडे. बोटींची अफवा शेजारी पाहत होती, तेही आपल्याइतक्याच, किंबहुना आपल्याहून दुबळ्या शेजाऱ्याकडे. पहिली लोकांना विचारायला लावते, दुसरी विचार बंद करून हात उचलायला लावते. पहिलीला उत्तर म्हणून कागद मागता येतो, दुसरी कागदाची वाटच पाहत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. खिशातल्या फोनवरून फिरलेल्या संदेशांनी ते रान आधीच तापवून ठेवले होते. भटक्याला चोर ठरवण्याची रीत ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याइतकी जुनी, फोन फक्त नवा.

आणि १९९२-९३ च्या अफवा का फोफावल्या, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. दहा वर्षांपूर्वीच्या गिरणगावात अशी आवई उठली असती तर ती सकाळच्या पाळीला गिरणीच्या फाटकावर आली असती. तेथे हिंदू साचेवाला आणि मोमीन विणकर एकाच खात्यात उभे असत. द्वारसभेत कोणी तरी पेटीवर चढून विचारले असते, ‘बोट पाहिली कोणी? नाव सांगा.’ ते विचारण्याची जागा १९८२ नंतर उरली नव्हती. खाणावळी बंद पडल्या, युनियनची शाखा ओस पडली, फाटकाला कुलूप लागले. पोटापाण्यापासून उखडलेला माणूस चाळीच्या गॅलरीत एकटा उभा होता आणि त्याच्या कानाशी बोलायला फक्त कंडी पिकवणारे उरले होते. दंगलीनंतर मोहल्ला समित्यांनी जे काम केले ते नेमके ही जागा पुन्हा निर्माण करण्याचे होते. काही घडले असे कळले की दोन्ही बाजूंची माणसे एकत्र जाऊन प्रत्यक्ष पाहून येत आणि वस्तीत सांगत. हे काम हजार फलकांनी झाले नसते.

सरकारचा इलाज मात्र निराळा असतो. आणीबाणीत वृत्तपत्रांवर नियंत्रण बसवले गेले आणि त्याच वेळी अफवा पसरवणाऱ्यांना दटावणी झाली. तोंडे बांधायची आणि कुजबुजीबद्दल शिक्षाही करायची, असा तो न्याय होता. कोण पकडले गेले, कोण भूमिगत आहे, जयप्रकाशांची प्रकृती कशी आहे, हे लोकांना कर्णोपकर्णीच कळत होते. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीचा विषय उघड व्यासपीठावर काढला, तेव्हा कुजबुजीला प्रथम मोकळा आवाज मिळाला. १९७७ ची निवडणूक जिंकणारच असे गुप्तचर खात्याने पंतप्रधानांना सांगितले होते म्हणतात. ही गोष्टही ऐकीवच, पण खरी असेल तर एवढाच बोध की खरी बातमी बांधून ठेवणाऱ्याच्याही वाट्याला शेवटी अफवाच येते.

आजही वृत्ती तीच. भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात जुन्या ५०५ व्या कलमाची अफवाबंदी आली, तीत विद्युत माध्यमाची भर पडली. प्रामाणिकपणे खरे मानून, दुष्ट हेतूशिवाय सांगितलेल्या गोष्टीला त्या कलमातच अपवाद आहे, हे मात्र फलक लावणारे सांगत नाहीत. २०२३ साली केंद्र सरकारने नियम केला, की सरकारी कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवील. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला, ही या शहराची त्या वर्षातली एक चांगली बातमी.

गिरणी कामगारांच्या घरांचेही तेच. सोडतीत नाव लागावे म्हणून अर्ज केलेले हजारो कामगार आणि त्यांचे वारस अनेक वर्षे ‘आपल्याला मुंबईबाहेर घालवणार’ असे ऐकत होते. २०२४ च्या शासन निर्णयात शेलू आणि वांगणी ही नावे छापून आली. जुलै २०२५ मध्ये वयाची साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे आझाद मैदानावर पावसात येऊन बसली, ती काही अफवेवर विश्वास ठेवून नव्हे.

गेल्या पावसाळ्यात परळच्या एका जुन्या चाळीत पुनर्विकासाची सभा होती, तिला मी हजर होतो. विकासकाचा माणूस चांगले मराठी बोलत होता. संक्रमण शिबिर कोठे, भाडे किती वर्षे, दुकानवाल्यांचे काय, असे प्रश्न येऊ लागताच तो हसून म्हणाला, ‘मंडळी, कृपा करून अफवांवर विश्वास ठेवू नका.’ मागच्या बाकावरून एक वृद्ध बाई उठल्या. आयुष्यभर खाणावळ चालवून त्यांनी मुले मोठी केली आहेत. म्हणाल्या, ‘नाही ठेवत हो. करारनामा मराठीत लिहून जिन्याखाली लावा. आम्ही तो वाचू, मग अफवा कशाला ऐकू?’ करारनामा इंग्रजीत आहे आणि तो कार्यालयात आहे, असे उत्तर मिळाले. सभा तहकूब झाली. जिन्याखालच्या फलकावर अजून पाणीपट्टीची नोटीसच आहे. पुढची सभा गणपतीनंतर होईल, असे ऐकतो.